पुढचा ब्रेक सुटत नाही

आमच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक एकदा पकडला की सोडायचं नाव घेत नसे. माणसांमधला हा स्वभाव मला नवा नाही, मी संसार केलेला आहे. पण यंत्रानंही तसंच वागावं, याचा मात्र मला फार संताप यायचा.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही उतार उतरून पाण्याच्या टाकीपाशी आलो होतो. मी पडदे शिवते. तयार पडद्यांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे ह्यांच्या पाठीच्या आणि माझ्या पोटाच्या मध्ये होता. गाडी आधी जड झाली, कुणीतरी मागून पदर धरावा तशी. ह्यांनी पेट्रोल वाढवलं, गाडी कण्हली आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर टाणकन आपटलं.

"उतर," हे म्हणाले.

"आलं दुकान?"

"उतर म्हणतो ना!"

गठ्ठा छातीशी धरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. हे हँडलवर वाकले, माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड केली, मग चाकापाशी उकिडवे बसले, चकतीला बोट लावलं आणि ओरडले. चकती तव्यासारखी तापली होती. जरा वेळानं त्यांनी चाक ढकलून पाहिलं, तर ते आपलं गपगुमान फिरू लागलं.

"बघ. काहीही झालेलं नाही," भाजलेलं बोट तोंडात घालून हे म्हणाले.

आमचं घर चढाच्या अगदी टोकाला. बस खालच्या चौकापर्यंत येते, तिथून वर यायला पाय आहेत नाहीतर ही गाडी. दुकान खाली, दवाखाना खाली, दळण-किराणा सगळं खाली. वर आम्ही दोघं, माझं शिवणयंत्र, ह्यांचं पत्र्याच्या शेडमधलं कामाचं टेबल आणि वारा. म्हणजे गाडी गेली तर घरही गेलंच म्हणायचं. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी लेकीला फोनवर चाक अडकल्याचं सांगून बसले. गंमत म्हणून सांगितलं. पलीकडे गंमत पोचली नाही.

"आई, उतारावर पुढचं चाक अडकलं तर तुम्ही दोघं हँडलवरून उडून पडाल. कळतंय का तुला?"

"टाकीपाशी सपाट आहे गं."

"आज सपाट होतं! उद्या वळणावर अडकलं तर?"

मी गप्प बसले. गप्प बसले की आमची लेक निर्णय घेऊन टाकते, हा तिचा बापाकडून आलेला गुण. महिनाअखेर ती येणार होतीच. तोवर ब्रेक नीट झाला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं. तिनं आमच्यासाठी खोली तयारच ठेवली आहे. चांगली खोली आहे. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. माझं यंत्र तिथे मावणार नाही, हे मी मागेच टेप लावून पाहिलं होतं.

हे फोनच्या जवळ उभे राहून सगळं ऐकत होते.

"होईल दुरुस्त," म्हणाले. "त्यात काय एवढं?"

ह्यांचं उभं आयुष्य लेथवर गेलं. लोखंडाचा तुकडा केसभर जास्त जाड निघाला तरी ह्यांच्या बोटांना कळायचा. त्यामुळे कुठलंही यंत्र आपलं ऐकणारच, असं त्यांना वाटत आलं आहे. आणि बिघडलेल्या यंत्राबद्दल बायकोशी बोलण्यासारखं काही नसतं, असंही.

चौकातला मेकॅनिक बारक्या. नाव बारक्या, देह कपाटासारखा. गॅरेजच्या दारातून आत जाताना तो तिरका होतो. त्यानं पुढचं चाक उचलून गाडी ठोकळ्यावर चढवली, एका बोटानं चाक फिरवलं. चाक छान फिरलं.

"काका, हे तर मोकळं आहे."

"इथं मोकळं आहे. रस्त्यावर धरतं."

"बरं. उघडून बघू."

मी स्टुलावर बसून पडद्याची दुमड शिवत होते. बारक्याला बोलत बोलत काम करायची सवय आहे, त्यामुळे इच्छा नसताना मला त्या ब्रेकचं सगळं शास्त्र कळलं. चाकाला लोखंडी चकती असते. हातातला लिव्हर दाबला की तेल पाइपातून खाली जातं, खालचे पिस्टन पुढे ढकलतं, आणि दोन गुटके चकतीला चिमटीत धरतात. लिव्हर सोडला की तेलानं परत वर जायचं आणि गुटक्यांनी सैल व्हायचं. एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टींनाच आमच्याकडे नाट लागतो.

"सापडला चोर!" बारक्यानं पिस्टन हातावर घेऊन दाखवला. कडेला तांबूस गंज चढला होता. "जुनी गाडी, काकू. गंजामुळे पिस्टन मागे सरकत नाही."

त्यानं पिस्टन घासून चकचकीत केले, आतली रबरं नवी घातली, ज्या दांड्यांवर सगळं सरकतं त्या पुसून ग्रीस लावलं. तेल बदललं. जुनं तेल काळ्या चहासारखं निघालं. ह्यांनी वाकून सगळं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढच्या खेपेला टाकीपाशी गाडी पुन्हा अडकली.

"उतर," हे म्हणाले. या वेळी मी दुकान आलं का असं विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी बारक्यानं पाइपाला धरलं. "बाहेरून नवरदेवासारखा दिसतो, काकू, पण आतून फुगलेला असणार. तेल जोरात ढकललं की जातं, परत येताना वाट मिळत नाही." नवा पाइप आला. पुन्हा तेल भरलं. बारक्या वर लिव्हर दाबत होता, खाली बोल्ट सोडत-आवळत होता, आणि बुडबुडे संपेपर्यंत मला एक बाटली धरून उभं केलं होतं. माझे पडदे बाजूला राहिले आणि मी ब्रेकची दाई झाले.

आणि तिसऱ्या दिवशी कुठे? टाकीपाशी. मला त्या टाकीचा राग यायला लागला. ती बिचारी गळत उभी असायची.

घरी आल्यावर मी म्हणाले, "अहो, तुम्ही चालवताना ब्रेकवर बोटं ठेवून तर बसत नाही ना?"

"मी ब्रेकला बोटसुद्धा लावत नाही!"

"मग तो पोस्टमन असं का म्हणाला?"

"काय म्हणाला पोस्टमन?"

मला सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं. पोस्टमन उतारावर आमच्या मागून येत होता. नंतर दारात पत्रं देताना मला म्हणाला, काकू, काकांच्या गाडीचा मागचा लाल दिवा कायम पेटलेला असतो, ते सारखे ब्रेक दाबूनच चालवतात का?

हे असे लाल झाले की तो दिवा फिका वाटावा. "त्याला म्हणावं पत्रं वाट. मला गाडी चालवायला शिकवू नकोस. एवढी वर्षं चालवतोय मी, एवढी वर्षं!" आणि शेडमध्ये जाऊन त्यांनी उगाचच पत्र्यावर हातोडी मारली. हातोडी दोनदा हातातून सुटली, तो आवाज मी ऐकला. रागामुळे सुटली असेल म्हणून सोडून दिलं.

खरं म्हणजे त्या दिवसांत मी बरंच काही सोडून देत होते. बरणीचं झाकण हे "तूच उघड, तुझ्या बरण्या" म्हणून माझ्याकडे सरकवायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, थंडी वाजते म्हणून. शर्टाला बटणांऐवजी दाबाची बटणं लावून दे म्हणाले, तेव्हा मी आळशी म्हणून त्यांना चार शब्द सुनावले आणि लावून दिली. बोटांची पेरं सुजलेली मला दिसत होती. माझीही सुजतात, या वयात कुणाची सुजत नाहीत? हात दिसत होते. हातातली पकड गेलेली मात्र दिसत नव्हती.

लाल दिव्याचं ऐकून बारक्या हरखला. "मग वरच काहीतरी आहे!" त्यानं हँडलवरची तेलाची डबी उघडली, लिव्हर काढला, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. "काकू, इथं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटला की ते उघडं पडतं आणि तेल परत डबीत येतं. ते बुजलं की संपलं. तेलाला जायला जागा नाही, तापलं की फुगणार आणि गुटके आवळत नेणार."

"बुजलंय?"

बारक्यानं तारेचा एक धागा घालून पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "नाही. स्वच्छ आहे."

निरोगी भोक पाहून इतका दुःखी झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दिव्याचं बटणही ठीक होतं. लिव्हर दाबला की दिवा पेटायचा, सोडला की विझायचा.

शेवटी बारक्या म्हणाला, "काकू, बसा मागे. गठ्ठा घ्या. मी चालवतो."

त्याच्या मागे बसणं म्हणजे भिंतीच्या मागे बसणं. आम्ही वर घरापर्यंत गेलो आणि खाली आलो. गाडीनं चूं केलं नाही. पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली. चकती कोमट. मग हे बसले. मी मागे, तोच गठ्ठा. चौकातून वळलो, आणि वळणाच्या पलीकडे नेहमीसारखी गाडी थांबवून ह्यांनी हातमोजे चढवले. ही एक नवी खोड. घरून निघताना घालायचे नाहीत, वळणापलीकडे थांबूनच घालायचे, आणि त्यालाही नवरी सजावी इतका वेळ. मग वर गेलो, वळून खाली आलो. टाकीपाशी, चाक बंद.

ह्यांनी तिथे बसून राहून ते सोडवलं आणि आम्ही चौकात आलो, तेव्हा बारक्या कमरेवर हात ठेवून उभा होता. "काका, आता एकच राहिलं. गाडी तुमच्यावर रुसलीय."

"गाडी रुसत नसते," हे म्हणाले.

"मग दुसरं कोण रुसलंय ते तुम्हीच सांगा. मी हात टेकले. गाडीत जे जे बदलता येतं ते सगळं बदललं. आता फक्त चालवणारा जुना आहे."

बारक्या चेष्टेनं बोलला. पण ह्यांनी हेल्मेट उचललं, माझ्याकडेही न बघता गाडी चालू केली, आणि मी मागे बसते न बसते तोच निघाले.

लेक येण्याचा दिवस जवळ आला. मी घर आवरायला काढलं, त्यात ह्यांचं जाकीट धुवायला घेतलं. खिशात चुरगळलेला रुमाल, एक खिळा आणि सायकलच्या ट्यूबमधून लांब कापलेली काळी रबरी पट्टी सापडली. बोटभर रुंद, कडा नीट कापलेल्या. ह्यांच्या खिशात काहीही सापडू शकतं, त्यामुळे मी रबर धुऊन वाळत टाकलं. संध्याकाळी दवाखान्याच्या पडद्यांचा गठ्ठा बांधायला घेतला तर सुतळी संपलेली. रबर समोरच होतं. दोन वेढे दिले, गठ्ठा घट्ट बसला. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

सकाळी हे घरभर फिरायला लागले. जाकिटाचे खिसे उलटे केले, शेडमध्ये जाऊन आले, पलंगाखाली वाकले.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"काही नाही ते पलंगाखाली कसं असेल?"

"तू माझ्या खिशातलं काही उचललंस?"

"रुमाल धुतला. खिळा फळीवर आहे."

"आणि?"

"आणि काय? सांगा ना, काय हरवलंय?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता आठवलं की माझं डोकं फिरतं. एक शब्द बोलायचा होता. रबर. तीन अक्षरं! ते मी तिथल्या तिथे काढून हातात दिलं असतं. पण नाही. "राहू दे," म्हणाले. "चल, दवाखाना उघडायच्या आत पडदे पोचवू."

"मोजे?"

"आज घरूनच घालतो."

तिथेही मला काही कळलं नाही. गठ्ठा मध्ये, मी मागे, निघालो. सकाळची थंडी होती. उतार लागला, गाडीनं वेग धरला, आणि मला जाणवलं की ती आज हलकी चालली आहे. कुणी पदर धरत नव्हतं. मी खूश होऊन ह्यांच्या खांद्यावर थाप मारली. "सुधारली की हो!"

वळण जवळ येत होतं आणि गाडी हळू होत नव्हती. ह्यांनी पायाचा ब्रेक दाबला, मागचं चाक फरफटलं, गाडी वाकडी झाली. "अहो, ब्रेक!" मी ओरडले. "हातचा! हातचा दाबा!" गठ्ठ्यावरून मान पुढे काढून मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला ह्यांचा उजवा हात दिसला. मोज्यातली बोटं आकड्यासारखी वाकलेली होती आणि लिव्हरच्या दिशेनं ताणत होती. पोचत नव्हती. समोर पाणी आहे आणि हात लागत नाही, अशी.

वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू ओतलेली होती. तिचे उपकार. गाडी तिच्यात घुसली, बसली, आणि आम्ही दोघं हळूच एका बाजूला लवंडलो. माझा गुडघा सोलवटला, ह्यांचं कोपर. गठ्ठा माझ्या मिठीतच होता. दवाखान्याच्या पडद्यांना वाळूचा कणही लागला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण कामात माझी कुचराई नसते.

हे उठून बसले, माझ्याकडे वळले. "लागलं का तुला?" असं विचारायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर गठ्ठ्यावर गेली.

"हे तुझ्याकडे होतं?"

"काय?"

"रबर."

मी रबराकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं, लिव्हरकडे पाहिलं. मग त्यांचा हात ओढून घेतला आणि मोजा काढला. त्यांनी काढू दिला. बोटं गार होती आणि पुरती मिटत नव्हती.

"दाखवा," मी म्हणाले. "काय करत होता ते करून दाखवा."

गठ्ठ्यावरचं रबर काढून ह्यांनी ते हँडलच्या मुठीवर आणि लिव्हरवर मिळून ताणून गुंडाळलं. लिव्हर मुठीच्या जवळ आला, आखडल्या बोटांना पोचेल इतका. मागे लाल दिवा पेटला. आम्ही दोघांनी त्या दिव्याकडे पाहिलं. पोस्टमनला मी मनातल्या मनात हात जोडले.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि गाडी थांबली की काढून ठेवायचात."

"लोक बघतात."

"बारक्याला माहीत नाही."

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं? यानंच चाक धरतंय ते?"

हे वाळूत बोटानं रेघ ओढत राहिले. "संशय होता," म्हणाले.

संशय होता! बारक्यानं पिस्टन घासले, पाइप बदलला, मी बाटली धरून उभी राहिले, लेकीनं खोली झाडून ठेवली, आणि ह्यांना संशय होता. मला इतकं काही बोलायचं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना.

"तोंड आहे ना तुम्हाला?"

"काय सांगू? हाताला धरवत नाही म्हणून सांगू? मला?" उजवा हात त्यांनी पुढे केला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मग काय राहिलं?"

मी उठून अंगावरची वाळू झटकली. "उठा आधी," मी म्हणाले. "लोक बघतात."

गाडी ढकलत आम्ही खाली नेली. पडदे दवाखान्यात दिले आणि मी ते रबर बारक्याच्या समोर नेऊन धरलं. हे मागे उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. बारक्यानं रबर पाहिलं, लिव्हर पाहिला, ह्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग स्टूल ओढून खाली बसला.

"काका," म्हणाला, "मी रात्री झोपेत हा ब्रेक उघडत होतो. बायको म्हणते, झोपेत बोलता, भोक स्वच्छ आहे, भोक स्वच्छ आहे."

ह्यांना हसू आलं. मलाही आलं, पण मी दाखवलं नाही.

"लिव्हर जरा जरी दाबलेला राहिला, तरी ते भोक उघडं पडत नाही. बुजल्यासारखंच झालं की!" बारक्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मी आत शोधत होतो आणि बूच बाहेरून."

"मग आता?" मी विचारलं. "रबर लावलं तर गाडी अडकते, काढलं तर थांबत नाही. उद्या लेक येतेय."

बारक्या भंगारवाल्याकडे गेला आणि दुपारपर्यंत शोधून याच जातीच्या दुसऱ्या गाडीचा लिव्हर घेऊन आला. त्याच्या बुडाशी छोटं चाक होतं. ते फिरवलं की लिव्हर मुठीच्या जवळ येतो, पण आतलं टोक मात्र आपल्या जागी मोकळं राहतं. तो बसवल्यावर बारक्यानं ह्यांना बोलावलं. "काका, टोक पिस्टनला टेकत नाही ना, बघा. तुमच्या बोटांना कळेल." ह्यांनी डाव्या हाताचं नख फटीत घातलं, लिव्हर हलवला, मान तिरकी करून बघितलं. "अजून जरा हवं," म्हणाले. बारक्यानं जरा कानस मारली. "आता झालं." दोघं आपापसात इतके खूश झाले की माझ्या सोलवटलेल्या गुडघ्याची कुणाला आठवण नव्हती.

बारक्याच्या मागे बसून मी एक फेरी मारली, मग ह्यांच्या मागे एक. उन्हं चढली होती, ह्यांची बोटं लिव्हरवर नीट बसत होती. टाकीपाशी गाडी हवी तिथे थांबली आणि हवी तेव्हा निघाली.

दुसऱ्या दिवशी लेक आली. आल्या आल्या चपलाही न काढता गाडीपाशी गेली, चाक फिरवलं, स्वतः चालवत खाली जाऊन आली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. सांगायचं तर ह्यांनी सांगावं.

"ब्रेक तर झकास आहे!" ती हेल्मेट काढत म्हणाली. "काय होतं शेवटी?"

हे म्हणू शकले असते, लिव्हर जुना होता. खोटंही झालं नसतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी गळणाऱ्या टाकीच्या दिशेनं पाहिलं.

"माझा हात होता," हे म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. रबर, मोजे, वाळू. वाळू सांगितली नसती तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

लेकीचा आवाज चढला. "बाबा, गाडीला चार वेळा मेकॅनिक आणि हाताला एकदाही डॉक्टर नाही? आणि आई, तू? तू काय करत होतीस?"

"मी बाटली धरली होती," मी म्हणाले.

तिला हसायचं नव्हतं, म्हणून ती आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली. "डॉक्टरकडे आजच जायचं. आणि गाडी विकायची. लिव्हर बदलला, हात कुठे बदलला?"

ती चूक बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना भांडताना मी हजारदा पाहिलंय, कंटाळले मी त्याला. पण मान खाली घातलेली मला सोसेना.

"हात रोज सारखा नसतो," मी म्हणाले. "काल सकाळी नव्हता, दुपारी होता. निघायच्या आधी ह्यांनी माझं मनगट दाबायचं. मला दुखलं तर निघायचं. नाही दुखलं तर गाडी हलणार नाही, पडदे राहिले तरी."

"आणि तू खरं सांगशील? बाबांकडे बघून?"

"त्या वाळूत मीही पडले होते," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा पडायची मला हौस नाही."

लेकीनं थोडा विचार केला, मग स्वतःचं मनगट बापासमोर धरलं. "दाबा."

ह्यांनी दाबलं. सावकाश, एकेक बोट आवळत, चेहरा न हलवता. लेकीच्या भुवया आधी वर गेल्या, मग जवळ आल्या.

"बास, बास, सोडा आता!" मनगट चोळत ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट रोखलं. "पण न्याय तू करायचास. एकदा जरी सूट दिलीस ना, तर मी ट्रक घेऊन येईन. तुझ्या यंत्रासकट नेईन तुम्हाला."

दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, गरम पाण्यात बोटं शेकायला सांगितली. लेक परत गेली.

त्यानंतरची पहिली थंडगार सकाळ लगेच आली. दुकानदार पडद्यांसाठी खोळंबला होता. ह्यांनी बोटं शेकली, जाकीट चढवलं, माझं मनगट धरलं आणि दाबलं.

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"तुझी कातडीच जाड झालीय," हे म्हणाले.

आम्ही ओट्यावर बसून उन्हाची वाट पाहिली. ऊन काही येईना, ढग आले होते. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेटं तशीच. पुन्हा दाबलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की 'लागलं' म्हणायला जीभ अगदी वळायला आली होती. पण मनगट माझं होतं, आणि ते दुखत नव्हतं.

"चला," मी म्हणाले. "पायी."

गठ्ठा ह्यांनी खांद्यावर घेतला. त्याला तेच काळं रबर बांधलेलं होतं, फार छान बसतं ते. उतार उतरताना माझा गुडघा कुरकुरत होता. टाकीपाशी पोचलो तोच चौकातून दुकानाकडे जाणारी बस निघताना दिसली. मी हात केला, ओरडलेही. ती गेली.

"गाडी आणली असती तर..." हे म्हणाले.

मी थांबून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागले.